दिवेलागणीची गोळी

समस्त जनतेस, आणि विशेषेकरून ज्यांचे काळीज नाजूक आहे अशांस, अत्यंत जबाबदारीने कळवण्यात येते की, शिरूर कासारच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या गावात भुते आहेत. ही भुते पिंपळावर राहत नाहीत, शाळेच्या पत्र्यावर राहतात. अमावास्येची वाट पाहत नाहीत. रोज दिवेलागणीला बोलतात आणि बहुतेक करून रक्तदाबाविषयी बोलतात. त्यांना कुणा मांत्रिकाने आणलेले नाही. आमच्या शाळेतले विज्ञानाचे शिक्षक सानप सर यांनी शिडीवर चढून, दिवसाढवळ्या, स्क्रू पिळून ती तेथे बसवली. ते स्क्रू खाली उभा राहून एकेक करून मी वर दिले, तेव्हा माझी साक्ष ग्राह्य धरावी.

मी त्याच शाळेत मराठी शिकवतो. दिवसभर बोलायचा मला पगार मिळतो आणि संध्याकाळी मी फुकट बोलतो. सानप सरांचं उलटं. बोललं की बॅटरी उतरते अशी त्यांची समजूत असावी.

सर मूळचे पालीचे, बिंदुसरेच्या धरणाकाठचे. धरणात पोहून मोठा झालेला हा माणूस आमच्या कोरड्या गावात बदलून आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, वर्षभरात वशिला लावून जाईल. गेला नाही. बायको आणि मुलगी बीडला, मुलीच्या शिक्षणासाठी. सर शाळेमागच्या खोलीत एकटे. उंच, किंचित वाकलेले, बारमाही अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट आणि शर्टाच्या खिशात दोन वस्तू, एक बोटभर स्क्रूड्रायव्हर आणि एक गोळ्यांची पट्टी. विचार करताना ते खिशावर बोटांनी टकटक करत. ती टकटक ऐकू आली की ओळखावं, सर आता खोलात गेले, हाका मारून उपयोग नाही.

कुणी कसलीही तक्रार घेऊन येवो, त्यांचा प्रश्न एकच असायचा. "त्याच्या आदी काय बदललं?" मोटार पाणी ओढत नाही, म्हैस दूध देत नाही, पोट दुखतं, सगळ्याला हेच. एकदा गावातला एक जण, बायको माहेरी जाऊन बसलीय, येत नाही, असं रडगाणं घेऊन माझ्याकडे आला होता. मी त्याला संसारावर चांगलं तासभर व्याख्यान दिलं. सर कोपऱ्यात प्लगमधल्या वायरी बघत बसले होते. व्याख्यान संपल्यावर त्यांनी मान वर केली आणि विचारलं. तो म्हणाला, काही बदललं नाही सर, एक टीव्ही तेवढा आणला. सर म्हणाले, "मंग तो काडून बघा." बायको परत आली की नाही ते मला ठाऊक नाही, पण तो टीव्ही पुढं दोन वर्षं आमच्या शाळेत होता.

दुसरी त्यांची एक अट होती. यंत्रावर खोटं घालायचं नाही. एकदा वरच्या ऑफिसनं कसलीशी माहिती मागितली. ती कुणी भरलीच नव्हती. हेडमास्तरांनी फोनवर बोलता बोलता, कॉम्प्युटर बंद आहेत हो साहेब, असं म्हणून खात्रीसाठी फोन सरांच्या हातात दिला. सर अदबीनं म्हणाले, "कॉम्प्युटर ठणठणीत हायेत, सायेब. माहिती भरली न्हाई आमी." हेडमास्तर मग दिवाळीपर्यंत सरांशी फक्त नोटीस बुकातून बोलत होते.

ते कॉम्प्युटर ठणठणीत होते हेही सरांचंच कर्तृत्व. कुठल्याशा बँकेनं टाकून दिलेली ती म्हातारी यंत्रं आम्हाला दान आली होती. विंडोज त्यांना पेलवायचं नाही. बटण दाबून चहा पिऊन यावं तरी पडदा काळाच. सरांनी एका सुट्टीत सगळ्यांवर विंडोजच्या जागी लिनक्स चढवलं आणि ती पोरांसारखी पळायला लागली. त्या दिवशी सरांनी जाहीर केलं की, ह्या लॅबमध्ये आता खिडकी एकच, ती भिंतीतली. आम्ही त्याला सानप सरांची शपथ म्हणायचो. ही शपथ ध्यानात ठेवा.

आता भुतांकडे येतो.

दिवाळी सरली की आमचं गाव ऊसतोडीला जातं. ट्रॅक्टर भरतात, भांडी, सरपण, कोंबड्या, तान्ही लेकरं, सगळं वर चढतं आणि गाव कुलपात जातं. दाराला काट्याची फांदी लावतात. कुत्री ट्रॅक्टरमागं शिवेपर्यंत पळतात आणि परत येऊन आपापल्या कुलपाखाली बसतात. मागं राहतात म्हातारी माणसं. त्यातल्या निम्म्यांना रक्तदाब, निम्म्यांना साखर, आणि गोळीची आठवण सगळ्यांनाच नाही. कुणी घेतच नाही, कुणी आठवेल तेव्हा मूठभर घेतो.

शाळेत घंटा वाजवणारं एक यंत्र होतं, त्याचा भोंगा वर पत्र्यावर. वेळ लावून ठेवली की आपोआप घंटा वाजवायचं, आणि त्यात माणसाचा आवाजही भरता यायचा. सर त्याच्यासमोर आठवडाभर टकटक करत होते. मग गाव निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी शाळेच्या ओट्यावर टेबल मांडलं, यंत्र ठेवलं आणि निरोप पाठवला की, ज्यांची म्हातारी माणसं मागं राहायलीत त्यांनी येऊन गोळीची हाक भरून जावी.

मंडळी, मी पुष्कळ नाटकं बघितली, पण त्या ओट्यावरच्या नाटकाला तोड नाही. एक जण इतक्या जोरात ओरडला की यंत्राचा लाल दिवा लागून राहिला. इतका का ओरडायलास, असं विचारलं तर म्हणाला, लांब जायचंय सर, तिथून ऐकू आलं पायजे. एका सुनेनं उभ्या आयुष्यात सासऱ्यापुढं तोंड उघडलं नव्हतं. तिनं पदर ओढला, यंत्राकडे पाठ केली आणि म्हणाली, "शेळे, मामांना सांग, गोळी फडताळात हाय." पुढं सबंध हंगाम ती शेळी आपलं नाव ऐकून मान वर करायची.

आणि कौसाबाईचा सुदाम आला. कौसाबाई म्हणजे मारुतीच्या देवळामागची. नवरा केव्हाच गेलेला, हा एकच मुलगा. सुदाम तिशीचा, अबोल. आईला बाई म्हणायचा, आमच्याकडे बरेच जण म्हणतात. यंत्रापुढं तो बराच वेळ नुसता उभा राहिला. सरांचं बोट बटणावर. मागं ट्रॅक्टरचा हॉर्न वाजत होता. मग तो एकदम बोलला.

"बाई, गोळी घे. पांढरी. जेवल्यावर. रडत बसू नको. पाडव्याला येतोय मी."

आणि खोकला. तो खोकलाही यंत्रात राहिला.

त्या हंगामात आमच्या गावाची दिवेलागण अशी व्हायची. कुलूपबंद घरांवरून आधी भोंग्याची खरखर जायची. मग आवाज सुरू. ह्या घराचा मुलगा, त्या घराची लेक. म्हातारे ओट्यावर हातात गोळी घेऊन आपल्या पाळीची वाट बघत. हाक आली की उत्तर देत. "व्हय रे, घेतली." "तू जेवलास का?" यंत्र कुणाच्या उत्तरासाठी थांबायचं नाही. पुढची हाक आधीच्या उत्तरावर चढायची, आणि अंधारत्या गल्लीत जिवंत माणसांची आणि नसलेल्या माणसांची बोलणी एकमेकांत मिसळून जायची. मी रोज मुद्दाम ऐकायला थांबायचो. अंगावर काटा यायचा, आणि खरं सांगतो, तो मला आवडायचा.

एक नवा ग्रामसेवक पहिल्यांदाच गावात आला तो नेमका तेव्हा. गल्लीत चिटपाखरू नाही, दारोदार काटे, आणि आभाळातून बाईचा आवाज, शेळे, मामांना सांग. त्यानं मोटारसायकल वळवली ती थेट शिरूरपर्यंत थांबवली नाही. मी हा किस्सा सरांना सगळ्या अभिनयासह करून दाखवला. सरांनी शांतपणे ऐकून विचारलं, "कुठपर्यंत शब्द कळत हुते म्हणला त्यो?"

माघात सुदाम गेला. उसाची ट्रॉली उलटली. अण्णांना फोन आला. अण्णा आमचे जुने सरपंच, मोठे जमीनदार, गावाची जीप त्यांची आणि गावातला शेवटचा शब्दही त्यांचा. त्यांनीच जीप पाठवून सुदामला आणलं. सून पोराला घेऊन माहेरच्यांबरोबर आली. फडावरची जी माणसं आली ती दुसऱ्या दिवशी परतणार होती. फड थांबत नाही.

आम्ही नदीवरून परत आलो, कौसाबाईच्या दारात बसलो. तिनं बातमी आल्यापासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. बाया तिला धरून बसल्या होत्या. आणि दिवे लागले. यंत्र बंद करायचं कुणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं, सरांच्यासुद्धा.

भोंगा खरखरला. "बाई, गोळी घे. पांढरी. जेवल्यावर. रडत बसू नको. पाडव्याला येतोय मी." मग खोकला.

एका बाईनं तोंडावर हात धरला. पुरुष खाली बघायला लागले. सर उठले होते, शाळेकडे धावत जायला निघालेच होते, तेवढ्यात कौसाबाईनं डोळे पुसले. म्हणाली, "अर्धी भाकर द्या गं कुनी. गोळी घ्यायचीय मला."

सर तिथंच उभे राहिले. खिशावर टकटक चालली होती. यंत्र बंद करायला ते गेले नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

सून माहेरी गेली. कौसाबाई एकटी राहिली आणि रोज संध्याकाळी जेवायला लागली. पण गाव भ्यायलं. इतर म्हातारी माणसं सुदामची पाळी आली की आत जाऊन दार लावून घ्यायची. अण्णा म्हणाले, जिवाला सुटका नाही होत अशानं, आवाजाला अडकून राहतो तो. मीही, विज्ञानाच्या शिक्षकाचा मित्र, त्या एका हाकेच्या वेळी देवळाच्या भिंतीला टेकून उभा राहायला लागलो.

फाल्गुनात वीज जायला-यायला लागली. तेव्हा यंत्राचा एक दोष उघड झाला. वीज गेली की त्याचं घड्याळ सगळं विसरायचं, आणि वीज आली की त्याला वाटायचं, दिवेलागण झाली. होळीनंतरच्या एका दुपारी वीज सारखी येत-जात होती. यंत्र दर वेळी पहिल्यापासून हाका मारत होतं. बाकीचे म्हातारे हसले, शिव्या घालून झोपले. कौसाबाईनं दर वेळी गोळी घेतली.

ओट्यावर पडलेली सापडली. अण्णांच्या जीपमधून शिरूरला नेली, वाचली. डॉक्टरांनी विचारलं, इतक्या गोळ्या कावून घेतल्या मावशी? तिनं जे सांगितलं ते सरांनी आणि मी पलंगाशेजारी उभं राहून ऐकलं. "लेकानं सांगितल्यावर न्हाई कसं म्हणू?"

गावानं अर्थ लावायला वेळ लावला नाही. न्यायला आला होता सुदाम आईला. अण्णांनी फर्मान काढलं, भोंगा उतरवा. सर पायरीवर बसून होते. कुणी विचारलं नसताना ते म्हणाले, "सुदाम न्हाई चुकला, अण्णा. घड्याळ चुकलंय. ते मी दुरुस्त करतो."

आता दुरुस्ती म्हणजे काय, हे सरांनी अण्णांना समजावलं ते मी जसंच्या तसं सांगतो, कारण मलाही ते तेव्हाच कळलं. यंत्राच्या पोटात जन्मापासूनची अक्कल लिहिलेली असते, तिला फर्मवेअर म्हणतात. सटवाई पाचवीला कपाळावर लिहिते तसं. घड्याळाचा दोष त्या लेखातच होता. कंपनीनं सुधारलेला लेख काढला होता, पण तो लिहिणारा प्रोग्राम फक्त विंडोजवर चालायचा.

अण्णा म्हणाले, "म्हंजे शपथ मोडली म्हणा की सर."

सर म्हणाले, मोडणार नाही. माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपमध्येच एक खोटा कॉम्प्युटर उभा करतो. त्या खोट्यात विंडोज बसेल. त्याला वाटेल हे सगळं घर आपलंच, पण त्याला ओसरीच्या आत काही दिसणार नाही. घंटेचं यंत्र मी माझ्या हातानं त्याच्यापुढं ठेवीन, तेवढंच त्याचं. "पाव्हण्याला जेवू घातलं म्हणून घर त्याच्या नावावर व्हतंय का, अण्णा?"

अडचण वेगळीच होती. नवा लेख लिहिताना आधीचं सगळं पुसलं जाणार होतं, आवाजांसकट. सरांनी प्रत्येक हाक वायरीनं लॅपटॉपवर काढून घेतली होती. यंत्र नीट झालं की परत भरता येणार होती. आणि यंत्र नीट झालं नाही तर? लिहिता लिहिता मध्येच तुटलं तर ते ना जुनं राहतं ना नवं होतं, त्याचा दगड होतो. तसलं यंत्र आता कंपनी बनवतही नव्हती.

मग लॅपटॉपवरूनच ऐकवू म्हातारीला, असं मी म्हणालो. सरांनी ते करून बघितलं होतं. कौसाबाईला लॅबमध्ये बसवून त्यांनी सुदामची हाक लावली. तिनं नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली. "ह्यो त्याचा न्हाई. ह्यो डब्यातला हाय. त्याचा वरून येतो." तेव्हा यंत्राचा दगड झाला तर तिच्यापुरता सुदाम दुसऱ्यांदा जाणार होता, आणि त्याच्याबरोबर संध्याकाळची भाकरही.

अण्णांनी सरांना बाजूला घेतलं. मी जवळच होतो. ते हळू आवाजात, अगदी मायेनं बोलले. सर, देवानं संधी दिलीय. सगळे आवाज भरा, त्याचा भरू नका. मशीननं खाल्ला म्हणून सांगा. म्हातारी रडंल, विसरंल, सुटंल. तोबी सुटंल.

सर बराच वेळ टकटक करत राहिले. मला वाटलं, मानतील. मला, खरं म्हणजे, ते मानावेत असं वाटत होतं.

"मशीननं खाल्ला न्हाई आन मी खाल्ला म्हणू कसं?" ते म्हणाले. "तिला इचारतो. ती न्हाई म्हणली तर न्हाई भरत."

त्यांनी तिला विचारलं, आणि फार सरळ विचारलं. सगळं पुसावं लागतंय. यंत्र बिघडलं तर कायमचं जाईल. नीट झालं तर ठेवू का त्याला? आणि ती पाडव्याची गोष्ट तेवढी कापून टाकू का, पाडवा तोंडावर आलाय. कौसाबाई म्हणाली, ठेवा. कापायचं म्हणाल तर, "ते काडल्यावर ऱ्हायलं काय त्याच्यात? नुसती गोळी."

दुपारी लॅबमध्ये आम्ही चौघं होतो. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून घंटेच्या यंत्राला अण्णांच्या जीपची बॅटरी जोडली होती. अण्णा विरोधात होते तरी बॅटरी त्यांनीच काढून दिली. माणूस असा आहे. कौसाबाई घरून तेलाचा दिवा घेऊन आली आणि तिनं तो यंत्राशेजारी लावला. सटवाई लिहिते तेव्हा दिवा विझू द्यायचा नसतो, तिनं आम्हाला बजावलं. सरांनी दिव्याजवळची वायर तेवढी चार बोटं सरकवली.

लॅपटॉपच्या पडद्यात एक चौकट उघडली, चौकटीत पाहुणा, म्हणजे विंडोज, जागा झाला. सरांनी वरच्या यादीतून घंटेचं यंत्र निवडलं आणि त्याच्या हवाली केलं. पाहुण्यानं ते ओळखलं. सरांनी कौसाबाईकडे बघितलं, तिनं मान डोलावली, त्यांनी बटण दाबलं.

हिरवी पट्टी जराशी पुढं गेली आणि थांबली. यंत्राचा दिवा विझला. पाहुण्यानं लिहून दाखवलं, यंत्र सापडत नाही.

तेलाच्या दिव्याची वात तडतडली तेवढीच. मग अण्णा म्हणाले, "गेला," आणि वायर काढून परत खोचावी म्हणून त्यांनी हात पुढं केला. आपण सगळे तेच करतो. अडलं की काढून परत खोचतो.

सरांनी अण्णांचं मनगट धरलं. अण्णांचं मनगट आमच्या गावात कुणी धरत नाही.

"हात नगा लावू. ते हाय. दुसऱ्या नावानं आलंय."

आपण तोंड उघडलं नाही तर अण्णा बॅटरीसकट उठतील हे बघून सरांनी भराभर सांगितलं. नवा लेख घ्यायला यंत्र आधी मरतं. मग उठतं ते वेगळ्या नावानं. पाहुण्याशी ओळख करून दिली होती ती पहिल्या नावाची. हे दुसऱ्या नावाचं कुणीतरी दारात आलं, ते लॅपटॉपनं परस्पर आत घेतलं, आणि पाहुणा तिकडं वाट बघत बसलाय. दोन्ही नावं आधीच सांगून ठेवायला हवी होती, ते राहिलं. आता वायर ओढली असती तर दगडच.

बोलता बोलता त्यांनी यादी उघडली. तिथं एक अनोळखी नाव होतं. सरांनी त्याच्यापुढं खूण केली.

कौसाबाई इतका वेळ दिव्याला हाताचा आडोसा करून बसली होती. ती म्हणाली, "नाव बदललं की असंच व्हतंय. मी सासरी आले तवा कौसा म्हणून हाका मारायचे. मी वळूनबी बघत नव्हते. मला काय ठाव कौसा कोन."

अण्णा हसले. मीही हसलो, आणि हसता हसता बघितलं, पट्टी सरकायला लागली होती. ती टोकाला जाईपर्यंत आम्ही कुणी खुर्चीसुद्धा हलवली नाही. यंत्राचा दिवा लागला. सरांनी घड्याळ लावलं, एक हाक भरून बघितली, बॅटरी काढली, परत जोडली. यंत्र गप्प राहिलं, दुपार ही दुपारच आहे हे त्याला आता समजलं होतं.

मग सरांनी बाकीच्या हाका परत भरल्या. सुदामची भरल्यावर ते थांबले. घड्याळाचा काय भरवसा, ते म्हणाले, आज नीट आहे, उद्या चुकेल. त्यांनी यंत्र जवळ ओढलं, घसा साफ केला आणि सुदामच्या खोकल्यामागं आपला आवाज जोडला. "एकदाच, मावशी. घेतली आसंल तर परत घेऊ नका."

पाडव्याला गाव परत आलं. कुलपं निघाली, कुत्री वेडी झाली. माणसं आली म्हणून सरांनी त्यांच्या हाका काढून टाकल्या, एक राहिली. त्या संध्याकाळी दारोदार गुढ्या उतरवत असताना भोंगा म्हणाला, पाडव्याला येतोय मी. बायांचे हात काठीवरच थांबले. कौसाबाई गोळी घेऊन आत गेली. सुदामबरोबर फडावर असलेले दोघे जण त्या रात्री तिच्याकडे जेवायला गेले, आणि तेव्हापासून गावानं त्या हाकेला भिणं सोडलं असं मी म्हणणार होतो. सोडलं नाही. सवय झाली एवढंच.

मी मात्र एक गोष्ट बघूनही बघितली नव्हती. गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला हाक मारणारं कुणीतरी त्या यंत्रात होतं. सरांच्या नावाची हाक त्यात कधीच नव्हती.

सरांना शेवटचं बघितलं ते पावसाळा सरता सरता, शाळेच्या पटांगणात. दिवे लागत होते. ते भोंग्याखाली भिंतीला हात लावून उभे होते, गुराच्या पाठीवर ठेवावा तसा. वरून सुदाम बोलला, खोकला, मग सर बोलले. खालच्या सरांनी वरच्या सरांचं सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "माजा आवाज जरा घोगरा येतोय." मी म्हणालो, आहेच तो घोगरा. ते हसले, खिशावर टकटक केली आणि खोलीकडे गेले.

सकाळी शाळा भरली तरी सरांच्या खोलीचं दार उघडलं नाही. रक्तदाबानं मेंदूत रक्तस्राव झाला होता. शर्ट खुंटीला होता. खिशात स्क्रूड्रायव्हर होता आणि पट्टी होती. पट्टीतली एकही गोळी काढलेली नव्हती.

पालीला सगळं उरकून आम्ही परत आलो. अण्णा जीप चालवत होते, कौसाबाई मागं बसली होती. येणारच म्हणाली होती. तिला दारात सोडायला मी उतरलो. तिनं ओट्यावर बसून चिमणी लावली, पदराच्या गाठीतून गोळी काढून तळहातावर ठेवली. अण्णांनी जीप बंद केली. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं आता काय होणार, आणि दोघांनाही निघायला जमलं नाही.

भोंगा खरखरला. सुदाम बोलला, पांढरी, जेवल्यावर, रडत बसू नको. खोकला. आणि मग, ज्याला आम्ही दुपारी पोचवून आलो होतो तो माणूस, जरा घोगऱ्या आवाजात, शाळेच्या पत्र्यावरून म्हणाला की, एकदाच, मावशी, घेतली असेल तर परत घेऊ नका.

कौसाबाईची मूठ मिटली. तिनं मान वर केली आणि त्या काळोख्या पत्र्याकडे बघून, आम्ही शेजारी आहोत हे विसरून, मोठ्यानं म्हणाली,

"रोज मलाच सांगता, सर. तुमची तुमी घेतलती का?"